तापांतील उपास आणि पांढऱ्या पेशींची शिदोरी

मुलास ताप आला कीं त्याचें ताट बंद करावयाचें, ही रीत आपल्याकडील पुष्कळ घरांतून अजून गेलेली नाहीं. ताप उतरेपर्यंत पोट रिकामें ठेवावें असें वडीलधारीं माणसें सांगतात, आणि मुलास भूक नसल्यामुळें तेंही कुरकुर करीत नाहीं. आठवड्यानें तें शाळेंत परत येतें तेव्हां त्याची चड्डी कमरेस सैल झालेली असते. या रीतीविरुद्ध आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत; मात्र त्याकरितां पालकांनीं आमच्याबरोबर थोडा वेळ रक्ताच्या एका थेंबांत उतरावें अशी विनंति आहे.

त्या थेंबांत तांबड्या पेशींच्या गर्दींत पांढऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. मोठ्या माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत सामान्यतः ४००० ते ११०००. १८८२ सालीं सिसिली बेटांतील मेसिना येथें एली मेचनिकॉफ यांनीं तारामाशाच्या पारदर्शक डिंभांत गुलाबाचा कांटा खुपसला, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा वेढा पडलेला पाहिला. अशा भक्षक पेशी शरीराचें रक्षण करितात हें मत त्यांनीं पुढें मांडिलें, व १९०८ सालीं त्यांस पॉल एर्लिख यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई, हें वाक्य आमचे विद्यार्थी परीक्षेंत बिनचूक लिहितात. शिपाई खातो काय, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं.

तो खातो मुख्यतः साखर. रक्तांत विरघळलेली, ग्लुकोज नांवाची. तिच्यापासून शक्ति काढण्याचे दोन मार्ग पेशीस ठाऊक आहेत. तंतुकणिकांच्या साहाय्यानें प्राणवायूंत ती पुरती जाळली तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे सुमारें ३० ते ३२ रेणु हातीं येतात. एटीपी हें पेशीचें रोख नाणें समजावें. प्राणवायूवांचून साखर अर्धवटच मोडली तर अवघे २ रेणु मिळतात, व मागें लॅक्टिक आम्ल उरतें. आतां नवल असें कीं, पांढऱ्या पेशींत ज्या संख्येनें सर्वांत अधिक आणि जखमेकडे सर्वांच्या आधीं धांवणाऱ्या, त्या न्यूट्रोफिल पेशी मुख्यतः हा दुसरा, उधळा मार्गच पत्करितात. त्यांच्यांत तंतुकणिका फारच थोड्या असतात.

क्रमिक पुस्तकांतून या मार्गास कनिष्ठ लेखण्याची चाल आहे; ती आम्हांस मान्य नाहीं. गळवाच्या आंत काय स्थिति असते तें पाहावें. तेथें सुजेनें रक्ताचा ओघ अडलेला, मांस मेलेलें, प्राणवायु जवळजवळ संपलेला. अशा ठिकाणीं जो प्राणवायूवर विसंबेल तो लढण्याच्या आधींच गुदमरेल. न्यूट्रोफिल पेशी आपल्या पोटांत ग्लायकोजेनची, म्हणजे सांठविलेल्या साखरेची, शिदोरी बांधून निघते आणि तेथें तिजवर निभावते.

१९३३ सालीं बाल्ड्रिज व जेरार्ड यांस आढळलें कीं, जंतु गिळीत असतां या पेशी एकाएकीं पुष्कळ प्राणवायु ओढून घेतात. तो गिळण्याच्या श्रमासाठींच लागत असावा असें कोणासही वाटेल. परंतु १९५९ सालीं स्बारा व कार्नोव्स्की यांनीं दाखविलें कीं, पेशीचें श्वसन रोखलें तरी गिळणें चालू राहतें; साखर मोडण्याची क्रिया रोखली म्हणजे तें मंदावतें. मग प्राणवायु जातो कोठें? त्याचें विष केलें जातें. त्यापासून सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड बनवून पेशी तें गिळलेल्या जंतूंवर सोडते, आणि या कामींही पुन्हां साखरच खर्चीं पडते. कांहीं थोड्या मुलांत हें विष बनविणारें यंत्र जन्मतःच बिघडलेलें असतें. त्यांच्या पेशी जंतु गिळतात, पण कित्येक जंतु आंत जिवंतच राहतात, आणि तीं मुलें वारंवार आजारी पडतात.

सारांश, ही फौज खर्चिक आहे. अस्थिमज्जेंत दररोज सुमारें दहा हजार कोटी न्यूट्रोफिल पेशी नव्यानें तयार होतात, व त्यांस साखरेप्रमाणेंच प्रथिनेंही लागतात. शिवाय ताप एक अंश सेल्सियस चढला कीं सगळ्या शरीराचाच खर्च सुमारें १० ते १३ टक्क्यांनीं वाढतो. ऐन या दिवसांत आपण कोठारास कुलूप लावतों!

यावर कोणी म्हणेल कीं उपाशी माणसाच्याही रक्तांत साखर असतेच. खरें आहे, पण ती येते कोठून? यकृतांतील लहानसा सांठा लौकर सरतो, आणि मग शरीर स्वतःचें मांस मोडून साखर करूं लागतें. धडधाकट मुलानें एक दिवस दोन घास कमी खाल्ले तर चिंतेचें कारण नाहीं. आजारांत भूक मंदावणें स्वाभाविक आहे, व बळजबरीनें कोंबणें आम्हांसही पसंत नाहीं. आमचा रोख मुद्दाम घडविलेल्या उपासावर आहे. जें मूल मुळांतच हाडकुळें आहे त्याच्यापाशीं मोडावयास मांस तरी किती? फार कुपोषित मुलांस जंतूंनीं घेरलें असतांही पुष्कळदां ताप येत नाहीं, आणि भोळे पालक अंग थंड आहे म्हणून निर्धास्त राहतात.

उलट, साखर पेशींस हवी म्हणून ग्लुकोजची पूड वाटीवाटीनें पाजणें हाही शहाणपणा नव्हे. मधुमेह आटोक्यांत नसलेल्या माणसाच्या रक्तांत साखर भरपूर असूनही त्याच्या न्यूट्रोफिल पेशी मंदपणें वागतात. प्रतिकारशक्ति वाढविण्याची हमी देणाऱ्या बाटल्यांविषयीं तर आम्ही इतकेंच म्हणूं कीं, त्या पैशांत महिन्याची डाळ व अंडीं येतात.

आजारी मुलास पेज, मऊ भात व वरण, दूध, केळें असें थोडें थोडें, दिवसांतून पांचसहा वेळां द्यावें. अतिसारांतही अंगावरचें दूध व अन्न तोडूं नये, आणि मीठ-साखरेचें पाणी चालू ठेवावें. मूल कांहींच पिईनासें झालें किंवा गुंगींत पडलें तर मात्र घरीं न थांबतां डॉक्टरांकडे न्यावें. बरें झाल्यावर निदान दोन आठवडे रोज एक जेवण जास्त असावें. त्याकरितां आजारांतून उठलेल्या विद्यार्थ्यानें मधल्या सुट्टीची वाट न पाहतां दुसऱ्या तासानंतर डबा उघडला, तर वर्गशिक्षकांनीं त्यास हरकत घेऊं नये, अशी आमची आमच्या सहकाऱ्यांस सूचना आहे.