ड्रॉइंग परक्यांचे, कौशल्य पुण्याचे

पुण्याहून लोहगावच्या विमानतळाकडे जाणारा रस्ता येरवड्यातून जातो. सुखोई विमानांची गर्जना या परिसराला नवी नाही. २७ सप्टेंबर २००२ रोजी सुखोई-३० एमकेआय विमाने लोहगावच्या तळावर वायुदलात समारंभपूर्वक दाखल झाली आणि पुढे त्यांची निर्मिती नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात झाली. पण डोक्यावरून जाणाऱ्या विमानामागच्या ज्ञानात, त्याच आकाशाखाली यंत्रावर उभ्या असलेल्या लहान कारखानदाराचा वाटा किती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

कौशल्याचा तुटवडा पुण्याला कधीच नव्हता. पाषाण व दिघी येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळा, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि भोसरी-चाकणची यंत्रशाळांची दाट वस्ती एकाच शहराच्या परिघात आहे. इस्रोच्या प्रक्षेपकांची मोटर-आवरणे वालचंदनगरच्या कारखान्यात घडली. तरीही लहान उद्योगाच्या वाट्याला बहुतेक वेळा येते ते ‘ड्रॉइंगबरहुकूम’ काम. ड्रॉइंग बाहेरून येते, धातूची प्रत बाहेरून ठरते, तपासणीचे निकषही बाहेरचेच. कारखानदार मायक्रॉनची अचूकता साधतो आणि मजुरी घेतो. तो भाग तसाच का आहे, अधिक हलका का होऊ शकत नाही, हे त्याला कुणी विचारत नाही. उद्या दुसऱ्या देशात कुणी तेच काम दोन रुपये स्वस्त करून दिले, की त्याची ऑर्डर जाते. ज्याच्याजवळ ज्ञानाची मालकी नाही, त्याच्याजवळ उद्याची शाश्वती नाही.

युरोपातील सामूहिक संशोधनाची रचना या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. २०२१ ते २०२७ या काळासाठीच्या ‘होरायझन युरोप’ कार्यक्रमाची मूळ तरतूद सुमारे साडेपंचाण्णव अब्ज युरोंची होती. सर्वसाधारण सहयोगी प्रकल्पात तीन वेगवेगळ्या सदस्य वा सहसदस्य देशांतील किमान तीन स्वतंत्र संस्था एकत्र याव्या लागतात आणि त्यांपैकी एक तरी सदस्य देशातील असावी लागते. मोठी विमान कंपनी, विद्यापीठ आणि पन्नास माणसांचा कारखाना एकाच करारावर सही करतात. जो निष्कर्ष ज्याने काढला, त्याची मालकी त्याची. हा नियम लहानांसाठी निधीइतकाच मोलाचा आहे.

परंतु लहान कारखाने तेथेही आपणहून आले नाहीत. अर्जाची किचकट भाषा, भागीदार शोधण्याची दगदग, बड्यांच्या सावलीत हरवण्याची भीती, ही अडचण युरोपच्या विमान उद्योगालाही जाणवली. म्हणून १९९९ मध्ये युरोपीय आयोगाच्या साहाय्याने तेथील उद्योगसंघटनेने ‘एरोएसएमई’ हा उपक्रम सुरू केला. विषयांची माहिती देणे, भागीदार जुळवून देणे, प्रस्ताव सिद्ध करायला साहाय्य करणे, एवढेच त्याचे काम. नुसते दार उघडे ठेवून भागत नाही, दारापर्यंत हात धरून न्यावे लागते, हा त्यातला धडा.

भारताची स्थिती काय? २००७ ते २०१३ च्या कार्यक्रमात भारतीय संस्थांना युरोपीय निधी मिळण्याची तरतूद होती. २०१४ पासून ती सवलत गेली. सहभागाची मुभा राहिली, पण काही अपवाद सोडता खर्च स्वतःचा. एखादे विद्यापीठ तो पेलेल, चाळीस कामगारांचा कारखाना कसा पेलणार? न्यूझीलंड, कॅनडा आणि दक्षिण कोरिया यांनी स्वतःचा आर्थिक वाटा उचलून सहसदस्यत्वाचा मार्ग पत्करला. भारताच्या सहसदस्यत्वाची शक्यताही आता चर्चेत आली आहे. २०२८ ते २०३४ या पुढील पर्वासाठी युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये १७५ अब्ज युरोंचा प्रस्ताव मांडला. तयारीचा काळ हाच आहे.

देशात संरक्षण संशोधन संस्थेचा तंत्रज्ञान विकास निधी एका प्रकल्पाला पन्नास कोटी रुपयांपर्यंत साहाय्य देतो. २०१८ मध्ये सुरू झालेली ‘आयडेक्स’ योजनाही आहे. दोन्ही स्तुत्य, पण दोन्ही संरक्षणाच्या गरजांसाठी. ‘होरायझन’ मात्र मुख्यतः नागरी उपयोगाच्या संशोधनाला वाहिलेला आहे. तेव्हा पुण्याच्या उद्योगाला हलके पदार्थ, इंधनबचत, दुरुस्तीतंत्र अशा नागरी विषयांत वेगळी वाट आखावी लागेल आणि संरक्षण प्रयोगशाळांकडून लाभलेले गोपनीय ज्ञान काटेकोरपणे अलग ठेवावे लागेल. ही दक्षता राष्ट्रहिताचा भाग आहे, तिच्यात तडजोड नको.

त्यासाठी दोन गोष्टी तातडीने व्हाव्यात. लहान उद्योगाच्या वाट्याचा खर्च उचलणारा भारतीय समनिधी हवा. आणि प्रस्ताव, भागीदार व मालकीहक्काचे करार पाहणारे साहाय्य केंद्र पुण्यातच हवे. १९३४ पासून उद्योगांची पाठराखण करणाऱ्या मराठा चेंबरसारख्या संस्थेने ते उभारले, तर ते कागदावर राहणार नाही.

परक्यांबरोबर संशोधन म्हणजे स्वदेशीशी प्रतारणा, असा आक्षेप कुणी घेईल. परंतु परक्याचे ड्रॉइंग मुकाट्याने कापत राहणे हीच खरी परावलंबी अवस्था. स्वतःच्या अटींवर, स्वतःच्या मालकीसह ज्ञान घडवणे ही स्वदेशीची पुढची पायरी आहे. येरवड्यालाच याची एक साक्ष आहे. १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले, पण ते कुणालाच मिळाले नाही. पेटीत मावणारे ‘येरवडा चक्र’ मात्र घडले ते रोज सूत कातणाऱ्या गांधीजींच्या येरवडा कारागृहातील चिंतनातून. नुसत्या घोषणेने जे साधले नाही, ते कामात बुडालेल्या माणसाने साधले. पुण्याच्या यंत्रशाळांत अशी माणसे आजही आहेत. त्यांना मजुरीच्या बाकावरून संशोधनाच्या मेजापर्यंत नेण्याचे दायित्व शासनाचे आणि समाजाचे आहे.