नौलखा घर

घराचे विहिरीसारखेच असते. उपसा थांबला की पाणी बिघडते आणि माणसांची ये-जा थांबली की घर. कुलूप लावून कोणी घर राखल्याचे ऐकिवात नाही; कुलपाला गंज अन् तुळयांना वाळवी, एवढेच पदरी पडते.

अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या डमरस्टन गावी, डोंगराच्या उतारावर एक लांबट लाकडी घर आहे. त्याचे नाव चक्क ‘नौलखा’! मुंबईत १८६५ साली जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगने ते १८९३ च्या सुमारास बांधले. वुलकट बॅलेस्टियर या मित्रासह त्याने याच नावाची कादंबरी लिहिली होती. मित्र अकाली गेला. त्याच्या बहिणीशी किपलिंगचे लग्न झाले. कादंबरीच्या इंग्रजी नावात एक अक्षर जागचे हलले होते, ते घराच्या नावात मात्र बरोबर बसले.

सिवनीच्या रानातला मोगली असा बर्फाच्या मुलखात वाढला. पण १८९६ साली मेहुण्याशी भांडण होऊन प्रकरण कोर्टात गेले आणि किपलिंगने बिऱ्हाड हलवले. घरगुती भांडणे काही आपल्याकडेच होतात असे नाही!

१९४२ नंतर सुमारे पन्नास वर्षे घर ओस पडले. मग लँडमार्क ट्रस्टने ते घेऊन दुरुस्त केले. १९६५ साली इंग्लंडात जॉन स्मिथ आणि त्यांच्या पत्नी ख्रिश्चन यांनी काढलेली ही संस्था. तिची रीत साधी: जुनी वास्तू नीट करायची, सुट्टीपुरती भाड्याने द्यायची आणि त्या भाड्यातून तिची निगा राखायची. ‘नौलख्या’त पाहुण्याने किपलिंगच्या टेबलाशी बसावे, स्वयंपाकघरात आपला चहा आपण करून घ्यावा. किपलिंगची साम्राज्यभक्ती आपल्याला पटणारी नव्हे. पण त्याचा राग घराच्या भिंतींवर कशाला काढायचा?

आपल्याकडे वाड्याच्या नशिबी बहुधा दोनच गोष्टी येतात. एक तर तो पाडून इमारत उठते, नाहीतर वाटणीचा दावा निकाली निघण्याआधी वाडाच निकालात निघतो. सहा भावांत वाडा वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड खोली आणि अर्धा जिना येणार. त्यापेक्षा वाडा अखंड ठेवून त्याचे भाडेच का वाटून घेऊ नये? मग दिवाळीत तिथल्या कोनाड्यात पणती लागेल. लावणारा हात चार दिवसांच्या पाहुण्याचा असेना का. उजेड वाड्याचाच पडेल.