सीईटीनंतरचा ऑप्शन फॉर्म: पर्याय 300, पण खरा निर्णय पहिल्या सहांचा

"दादा, यादीत ड्रीम कॉलेजं किती टाकू आणि सेफ किती?" बारावी झाली की गावाकडून मला येणाऱ्या मेसेजमध्ये हा प्रश्न ठरलेला असतो. मी मूळचा मुरबाड तालुक्यातला. इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला लागलो, म्हणून शहापूर-मुरबाडची पोरं मला विचारतात. बहुतेकांनी आधीच एखादं रील बघितलेलं असतं आणि त्यातलं सूत्र पाठ असतं: तीन ड्रीम, चार टार्गेट, तीन सेफ.

सूत्र चुकीचं नाही, पण ते आपल्यासाठी बनलेलं नाही. अमेरिकेत प्रत्येक विद्यापीठाकडे वेगळा अर्ज जातो, बहुतेक ठिकाणी वेगळी फी लागते आणि प्रत्येक विद्यापीठ आपापला निर्णय घेतं. तिथल्या कॉमन ॲपवर 20 पर्यंत कॉलेजं निवडता येतात. ब्रिटनमध्ये यूकासवर पाचच पर्याय मिळतात. अर्ज मोजकेच असतील तर ते ड्रीम, टार्गेट आणि सेफमध्ये वाटून टाकावेच लागतात.

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगचा प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून होतो. इथे अर्ज एकच असतो आणि ऑप्शन फॉर्ममध्ये 300 पर्यंत पर्याय टाकता येतात. त्यामुळे "किती टाकू" हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न उरतो "कोणत्या क्रमाने" हा. 2025 च्या प्रवेशांपासून आलेल्या नियमाने हा क्रम फारच महत्त्वाचा केला आहे.

2025 मध्ये काय बदललं?

2025-26 साठी कॅपच्या फेऱ्या तीनवरून चार झाल्या. त्यासोबत ऑटो फ्रीजचा नियम असा आला:

- पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, तर ती जागा पक्की.
- दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही मिळालं, तर पक्की.
- तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काहीही मिळालं, तर पक्की.
- चौथ्या फेरीत जे मिळेल ते शेवटचं.

पक्की म्हणजे ती जागा घ्यायची किंवा कॅपच्या पुढच्या फेऱ्या विसरायच्या. याच्या खालचा पर्याय मिळाला तर 1000 रुपये भरून जागा हातात ठेवता येते आणि पुढच्या फेरीत चांगलं काही मिळतंय का ते बघता येतं. चांगलं मिळालं की जुनी जागा आपोआप जाते. नाही मिळालं तर जुनी राहते.

नियमामागचं कारण कळण्यासारखं आहे. वरच्या पसंतीची जागा मिळूनही मुलं अडवून बसली, तर खालच्यांची रांग अडकते. पण या नियमाचा एक परिणाम असा की विचार करायला मिळणारा वेळ कमी झाला. आधी यादी घाईत भरून पुढच्या फेरीत बघू म्हणता यायचं. आता पहिल्याच फेरीच्या यादीत पहिल्या नंबरावर काय आहे, यावर चार वर्षं ठरू शकतात. शहरात ज्यांच्या घरात इंजिनिअर आहेत किंवा ज्यांनी पैसे देऊन समुपदेशक लावला आहे, त्यांना हे आधीच माहीत असतं. ज्याच्या घरातून पहिल्यांदाच कुणीतरी कॉलेजला चाललंय, त्याला हे पहिली फेरी लागल्यावर कळतं.

कॉम्प्युटर तुमची यादी कशी वाचतो?

आरक्षणाचे बारकावे बाजूला ठेवले, तर हा एक साधा लूप आहे. मेरिट नंबर 1 चा विद्यार्थी घ्यायचा, त्याची यादी वरून वाचायची, जागा रिकामी असलेला पहिला पर्याय त्याला द्यायचा आणि थांबायचं. मग नंबर 2, मग नंबर 3, असं शेवटपर्यंत.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, वर अशक्य वाटणारं कॉलेज टाकलं म्हणून खालच्या कॉलेजमधला तुमचा हक्क कमी होत नाही. तुमची पाळी तुमच्या मेरिटवर येते, यादीतल्या जागेवर नाही. दोन, एक पर्याय मिळाला की कॉम्प्युटर त्याच्या खालचं काहीच वाचत नाही.

अशा जागावाटपाचं गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी 1962 मध्ये मांडलं होतं. त्याच धाग्यावरच्या कामासाठी शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आयआयटी आणि एनआयटीच्या जोसा प्रक्रियेतलं वाटपही याच कल्पनेवर चालतं. विद्यार्थ्याच्या बाजूने त्याचं सार एका ओळीत सांगता येतं: मनातला खरा क्रम लिहा, चलाखी करून फायदा नाही.

आता हे उदाहरणात बघू. समजा मुरबाडची एक मुलगी आहे, तिला आयटी शाखा हवी आहे. फॉर्म भरून देणारा तिला सांगतो, "जे मिळणार आहे तेच वर टाक, बाकीचं उगाच वाया जातं." ती घराजवळचं, नक्की मिळेल असं कॉलेज पहिल्या नंबरावर टाकते. ठाण्यातलं मनासारखं कॉलेज दुसऱ्या नंबरावर जातं. पहिल्या फेरीत तिला नंबर 1 मिळतं आणि ऑटो फ्रीज होतं. ठाण्याच्या कॉलेजमध्येही तिच्या मेरिटला जागा असेल, पण कॉम्प्युटर तिथपर्यंत गेलाच नाही.

आता तीच मुलगी खरा क्रम लिहिते. वर माटुंग्याचं व्हीजेटीआय, मग मुंबई-ठाण्यातली मनासारखी कॉलेजं, आणि घराजवळचं कॉलेज बाराव्या नंबरावर. पहिल्या फेरीत तिला नववा पर्याय मिळतो. ती 1000 रुपये भरून जागा हातात ठेवते. दुसऱ्या फेरीत पाचवा मिळतो. तो पहिल्या तिनात नाही, म्हणून अजून थांबता येतं. तिसऱ्या फेरीत चौथा मिळाला तर विषय संपला. वर व्हीजेटीआय लिहिल्याने तिचं काय नुकसान झालं? काहीच नाही.

म्हणून पहिल्या सहा पर्यायांना एकच कसोटी लावा: हे मिळालं आणि पुढचं दार बंद झालं, तर मी इथे चार वर्षं खुशीने जाईन का? उत्तर "नाही" किंवा "बघू" असेल, तर तो पर्याय पहिल्या सहात नको.

मधला भाग भरताना कटऑफ नीट वाचा

यादीचा मधला भाग मागच्या वर्षीच्या कटऑफवरून भरला जातो. कॉलेज प्रेडिक्टर ॲप्सही मुख्यतः तेच आकडे तुमच्या पर्सेंटाइलशी जुळवतात. पण कटऑफच्या यादीत प्रत्येक आकड्यावर एक कोड असतो आणि तो वाचता आला पाहिजे.

कोडच्या सुरुवातीला जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीची जागा. मध्ये प्रवर्ग. शेवटच्या अक्षरात एच म्हणजे आपल्या विद्यापीठ क्षेत्रातल्या मुलांसाठी, ओ म्हणजे बाहेरच्यांसाठी, एस म्हणजे राज्य पातळीवरची जागा. जिथे एच-ओ विभागणी आहे तिथे साधारण 70 टक्के जागा एच आणि 30 टक्के ओ असतात.

शहापूर-मुरबाडसाठी हे फार कामाचं आहे. ठाणे जिल्हा मुंबई विद्यापीठात येतो, म्हणून मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथे आपण एच. कसारा घाट चढला की नाशिक आणि माळशेज चढून पुढे गेलं की पुणे जिल्हा, म्हणून ही शहरं आपल्याला जवळची वाटतात. पण ती पुणे विद्यापीठात येतात आणि तिथे आपण ओ. नाशिकच्या कॉलेजचा एचचा कटऑफ बघून "माझं होतंय" म्हणाल, तर हिशोब चुकेल.

शक्यतो पर्सेंटाइलपेक्षा मेरिट नंबर बघा, कटऑफ यादीत दोन्ही दिलेले असतात. 2026 पासून पीसीएम गटाची सीईटी वर्षातून दोनदा घेऊन चांगला स्कोअर धरण्याचा निर्णय जाहीर झाला. प्रत्येकाचा चांगला स्कोअर धरला, तर पर्सेंटाइलचे आकडे वर सरकतात. मग मागच्या वर्षीचे 88 आणि यंदाचे 88 सारखे राहत नाहीत.

ज्यांच्या घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत आहे, त्यांनी टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा विसरू नयेत. त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी अक्षर असतं. तो कोड स्वतंत्र टाकला नाही, तर त्या जागेसाठी तुमचा विचारच होत नाही. फी हा तुमच्या घरचा मोठा प्रश्न असेल, तर त्याच कॉलेजचा टीवाला कोड साध्या कोडच्या वर टाका.

तळ भक्कम का हवा?

वरचा भाग स्वप्नांचा असला, तरी पैशांचा धोका यादीच्या तळाशी असतो. काहीजण दहा-बारा पर्याय टाकून थांबतात. चारही फेऱ्यांत काही मिळालं नाही, तर संस्था पातळीवरच्या प्रवेशाकडे जावं लागतं. आणि फी सवलतीच्या बहुतेक सरकारी योजनांना कॅपमधून प्रवेश ही अट असते. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती तशीच. 2024-25 पासून 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, तेही कॅपमधूनच आलेल्यांना. म्हणजे यादी आखूड ठेवली म्हणून त्याच कॉलेजात तीच शाखा पूर्ण फी भरून घ्यायची वेळ येऊ शकते.

म्हणून तळाला असे पर्याय ठेवा जे मागच्या वर्षी तुमच्या मेरिटच्या बरेच खाली बंद झाले होते. पण जिथे जाणारच नाही ते कॉलेज नुसतं भर म्हणून टाकू नका. चौथ्या फेरीत तेच मिळालं तर तेच शेवटचं.

प्रवासही यादीत मोजा

आसनगाव ते सीएसएमटी सुमारे 85 किलोमीटर आहे. मुरबाडला अजून रेल्वे नाही, आधी एसटीने कल्याण गाठायचं, मग लोकल. एका बाजूला दोन तास धरले तर रोजचे चार, पाच दिवसांचे 20 तास. चार वर्षं हे जमणार आहे का, हॉस्टेल मिळणार आहे का, याचं उत्तर यादी भरण्याआधी हवं. आसनगाव आणि सापगावलाही इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. जवळ आहे म्हणून ते कमी आणि लांब आहे म्हणून ते भारी, असं नसतं. शाखा, निकाल आणि प्लेसमेंट बघा, जमलं तर तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोला, मग क्रम ठरवा.

आपल्या दोन्ही तालुक्यांत आदिवासी मुलं खूप आहेत. त्यांनी शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात वसतिगृह आणि स्वयम योजनेची चौकशी आधीच करावी. वसतिगृह मिळालं नाही तर स्वयममधून राहण्या-जेवणासाठी पैसे मिळतात. लांबचं कॉलेज यादीत वर ठेवायचं की नाही, हे त्यावर ठरू शकतं. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्जही निकालाची वाट न बघता करा. प्रवेशाच्या वेळी पावतीवर काम भागलं, तरी मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर आरक्षित जागेवरचा हक्क जातो.

भरताना हे पाळा

1. आधी कागदावर यादी लिहा. आई-पप्पांसोबत बसून फी आणि प्रवास बोलून घ्या, मगच मोबाइल हातात घ्या.
2. पहिल्या सहा पर्यायांना वरची कसोटी एकेक करून लावा.
3. चॉइस कोड दोनदा तपासा. एकाच कॉलेजच्या दोन शाखांचे कोड जवळपास सारखे दिसतात.
4. पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही देऊ नका. सायबर कॅफेत किंवा महा ई-सेवा केंद्रात भरत असाल, तर कन्फर्मचं बटण स्वतः दाबा आणि पीडीएफ आपल्या मोबाइलवर घ्या.
5. फॉर्म नुसता सेव्ह करून सोडू नका. कन्फर्म केल्याशिवाय तो धरला जात नाही.
6. पुढच्या फेरीआधी यादी बदलायची संधी मिळते. जुनी यादी तशीच पुढे ढकलण्याआधी पहिले तीन, मग पहिले सहा पुन्हा बघा.
7. तुमच्या वर्षाचं माहितीपत्रक सीईटी सेलच्या साइटवरून उतरवा. ऑटो फ्रीजचं पान रीलमध्ये नको, तिथे वाचा.

हा नियम राहणार असेल, तर सीईटी सेलने एक सोपं काम करावं. कन्फर्म करण्याआधी स्क्रीनवर मराठीत मोठ्या अक्षरांत एक ओळ दाखवावी: "या फेरीत हे पर्याय मिळाले तर तुम्हाला पुढे थांबता येणार नाही," आणि खाली त्या पर्यायांची नावं. कोडच्या हिशोबाने हे एका दिवसाचंही काम नाही. तोपर्यंत ती ओळ तुमच्या कागदावर तुम्हीच लिहा आणि तिच्याखाली पहिली सहा नावं टाका.