लाळेची साक्ष

माणसाच्या लाळेवरून त्याने मार खाल्ला की नाही हे ओळखता येते, अशी वार्ता आमच्या मंगळवार पेठेत येऊन पोहोचल्यापासून काही सद्‌गृहस्थांना मोठा हुरूप आला आहे. "बरे झाले मास्तर," ते म्हणतात, "आता बायकांच्या कागाळ्यांतले खरे-खोटे एकदाचे निवडले जाईल!" फराळाच्या ताटाशी हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण सणाच्या दिवशीही पदराखाली वळ झाकून करंज्या तळणारी बाई आपल्या वाचकांच्या घरांत एकही नाही, असे छातीठोकपणे कोण सांगेल?

आधी शास्त्र काय म्हणते ते पाहू. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. भीतीचा प्रसंग आला, की मेंदूच्या हुकमाने त्या कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य रक्तात सोडतात आणि ते झिरपत लाळेत उतरते. सुई टोचावी लागत नाही. कापसाचा बोळा तोंडात धरला की काम झाले. प्रसंगानंतर सुमारे 20 ते 30 मिनिटांत लाळेतले प्रमाण शिगेला पोहोचते. इथवर सद्‌गृहस्थांचा आनंद रास्त आहे.

परंतु हेच द्रव्य रोज सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आपोआप चढते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळ गाठते. गरोदरपणात ते बदलते, आजारात बदलते, काही औषधांनीही बदलते. 1993 साली जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना परक्यांसमोर भाषण करायला लावले, तोंडी हिशेब घातले; तेवढ्यानेही ते वाढले! फळ्यापुढे घाबरून उभा राहिलेला माझा विद्यार्थी आणि नवऱ्याने भिंतीवर आपटलेली बाई, यांतला भेद लाळेने कसा सांगावा? उलट, वर्षानुवर्षे छळ सोसलेल्यांपैकी काहींत हे प्रमाण चढलेले आढळते, तर काहींत ते मंदावलेले. अशा बाईची लाळ शांत निघाली, तर तिला खोटारडी ठरवणार काय? आणि मारणारा हात कोणाचा, हे तर लाळ कधीच सांगणार नाही.

म्हणून ही परीक्षा निरुपयोगी आहे असे नव्हे. अनेकांची लाळ वेळोवेळी तपासून अभ्यासक एवढे दाखवू शकले, की माराचा परिणाम कातडीवर थांबत नाही. घरातली मारामारी नुसती पाहणाऱ्या लेकरांच्या शरीरातही तिचे पडसाद उमटतात. ही मोठी शिकवण आहे. ती अभ्यासासाठी आहे, एकेका बाईला आरोपीसारखी उभी करण्यासाठी नव्हे.

माझा राग आहे तो इथे. बाई तोंडाने सांगते त्यावर आमचा विश्वास नाही; त्याच तोंडातल्या लाळेवर मात्र ठेवायला आम्ही तयार! नवऱ्याने "मी हातसुद्धा लावला नाही" म्हटले, की त्याच्याकडे कोणी बोळा मागत नाही.

आणि हे कोल्हापुरात? राजर्षी शाहू महाराजांनी 1919 साली, स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध याच करवीर संस्थानात कायदा केला. देशाच्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याला 2005 साल उजाडले. त्या कायद्यात मारहाणीबरोबर लैंगिक छळ, शिवीगाळ, मानसिक छळ आणि पैशाची कोंडीही मोजली आहे. त्याचे चौथे कलम तर शेजाऱ्यांसाठीच आहे, म्हणा ना! अत्याचार होत असल्याचे ज्याला सकारण वाटते, असा कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. सद्‌भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या संघाने गोल मारला, की पेठेच्या गल्लीगल्लीत तो ऐकू येतो. सामाईक भिंतीपलीकडची किंकाळी मात्र "त्यांच्या घरातली बाब" होते. कान शाबूत असलेल्या माणसांनी लाळेची साक्ष मागावी, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. वाचकहो, आज शेजारी फराळाचे ताट घेऊन जाल, तेव्हा त्या माउलीशी दोन शब्द बोला, तिचे ऐकून घ्या. 181 हा महिला मदतवाहिनीचा क्रमांक तिच्या कानावर घाला. आणि ती बोलली, तर पुरावा मागू नका.