नाबोथाचा मळा आणि आपली सही

अंधेरीच्या सीप्झमध्ये, कारखान्यांच्या गर्दीत, एका प्राचीन चर्चच्या भिंती उभ्या आहेत. संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावे येशूसंघीय धर्मगुरूंनी हे मंदिर १५७९ मध्ये बांधले. साथीच्या रोगामुळे १८४० मध्ये ते ओस पडले आणि कोंडिविट्याचे भाविक मरोळला गेले. पुढे भोवतालच्या शेतजमिनींवर औद्योगिक वसाहत आली, १९७३ मध्ये सीप्झ उभे राहिले. आता वर्षातून एकदा, मे महिन्यात, तेथे मिस्सा होते. एरवी पूर्वजांच्या वेदीपुढे गुडघे टेकायचे तर फाटकावरच्या पहारेकऱ्याची संमती हवी! मंदिर साथीने ओस पाडले. शेताला कुंपण मात्र माणसानेच घातले.

जुन्या करारातील नाबोथाची कथा आपण प्रवचनांतून ऐकतो. राजा अहाबाने त्याला मळ्याच्या बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली होती. आजच्या बिल्डरचा देकार याहून निराळा नसतो. तरीही नाबोथ नाही म्हणाला, कारण मळा वाडवडिलांचा होता. म्हणूनच तो पुढच्या पिढ्यांचाही होता. नाबोथाला दगडांनी ठार मारावे लागले. आपल्या उपनगरांत तेवढे कष्ट कोणाला पडले नाहीत. काही जमिनी सरकारने संपादन केल्या, हे खरे. परंतु कितीतरी खाचरे आपणच कुलमुखत्यारपत्रावर सही करून देऊन टाकली. त्यांवर उठलेल्या इमारतींत आज आपल्याच मुलांना घर परवडत नाही.

‘गावठाण तर शाबूत आहे,’ असे समाधान काही जण करून घेतात. हे समाधान फसवे आहे. गावठाण म्हणजे नुसता घरांचा पुंजका नव्हे. शेत, विहीर, ओहोळ आणि खाजण यांच्या आधाराने ते गाव होते. तो आधार काढून घेतला की उरते ती अरुंद गल्ल्यांची दाट वस्ती, आणि दाट वस्तीला पुनर्विकासाच्या नकाशातून पुसणे फारसे अवघड नसते.

‘पण शहराला घरे हवीत,’ हा आक्षेप मात्र गंभीर आहे. बेघराला निवारा देणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे. त्याला पाठ दाखवून शेताचे गोडवे गाणे पाप ठरेल. प्रश्न असा, की भातशेतीत भराव टाकून उभे केलेले टॉवर बेघरांसाठी असतात काय? शिवाय पाणी भराव्याची भाषा ऐकत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने आपली हरवलेली जागा परत मागितली. जुलै २०१८ मध्ये वसई दिवसचे दिवस पाण्याखाली राहिली. त्याच वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसईसाठी झगडत होते. त्यांना विकासविरोधी म्हणणाऱ्यांच्याही दारात पाणी आलेच.

बोरिवली तालुक्यातील गोराई, मनोरी आणि कुळवेम येथे अजून शेते, वाड्या आणि विहिरी आहेत. १९८९ मध्ये तेथे एस्सेलवर्ल्ड आले. पुढे विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रस्ताव आला, त्याविरुद्ध गावकरी उभे राहिले. परंतु प्रत्येक प्रस्तावाशी नव्याने लढत राहणे हे संरक्षण नव्हे. गावठाणाची हद्द मोजताना त्याची शेते, ओहोळ आणि खाजणे त्याच नकाशात कायमची राखून ठेवावीत. नवी घरे आधी बंद कारखान्यांच्या आणि जुन्या मोडकळलेल्या इमारतींच्या जागी बांधावीत. गावातल्या वाढत्या कुटुंबांना गावठाणालगत माफक जागा मिळावी. आणि जमीन विकण्यापूर्वी ती गावातच कसणाऱ्याला देऊ करण्याचा दंडक आपण स्वतःवर घालून घ्यावा. पहिल्या तीन गोष्टी सरकारकडे मागायच्या आहेत. चौथीसाठी कोणत्याही मंत्रालयाचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत.

गोराईचे चर्च पवित्र तीन राजांच्या नावाने आहे. ते राजे गोठ्याच्या दारी भेटी घेऊन आले होते. अहाब मळा मागायला आला होता. आपल्या दारी कोणता राजा आला आहे, हे सही करण्यापूर्वी ओळखू या. नाहीतर उद्या गोराईच्या मिस्सेलाही फाटकावर नाव नोंदवावे लागेल.