पडणाऱ्याला नव्हे, पायरीला जाब विचारा

घरात कुणी पायरीवरून पडलं की सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो: "लक्ष कुठं होतं?" घोटा सुजलेला असतो, कुणी बर्फ शोधत असतं, आणि पडलेलं माणूस ओशाळून सांगत असतं की चूक माझीच, मी बघितलंच नाही. मला हा प्रश्न अन्यायाचा वाटतो. पायरी दुधी टाइलची, खालची जमीनही त्याच दुधी टाइलची. मध्ये रेघ नाही, वर दिवा नाही, हाताला आधार नाही. दिसावं असं तिथं काही ठेवलेलंच नसताना पंचाहत्तरीच्या बाईला बोल का लावायचा?

घरबांधणीवरच्या या सदरात आज घरातल्या पायऱ्यांबद्दल लिहितो आहे, आणि त्यातही खास करून एकट्यादुकट्या पायरीबद्दल. माडीवर जाणाऱ्या जिन्याला माणूस निदान जिना म्हणून ओळखतो आणि जरा जपून उतरतो. बैठकीतून स्वयंपाकघरात उतरणारी एक पायरी मात्र कुणाच्या खिजगणतीत नसते.

रामटेकच्या माणसाला पायऱ्यांचं काय सांगायचं, असं कुणी म्हणेल. गड डोक्यावर, अंबाळ्याकडून वर जाणारी दगडी वाट लहानपणापासून पायाखालची. त्या पायऱ्या कुठं झिजलेल्या आहेत, कुठं कमीजास्त उंचीच्या. तरी म्हातारी माणसं सावकाश चढून रामाचं दर्शन घेऊन येतात. गडावर पायरी येणार हे ठाऊक असतं, दिवसाचा उजेड असतो आणि दगडाच्या कडेखाली पडलेली सावली पायरी दाखवून देते. गाभाऱ्याच्या उंबरठ्याला तर आपण वाकून हात लावतो, मग त्याला ठेच लागेल कशी? घरात यातलं काही नसतं. हातात पातेलं, डोक्यात दहा कामं, आणि पाय आपल्या सवयीनं पुढं पडत असतो.

गडाच्या पायथ्याच्या जुन्या वस्तीत तर घराघरांत अशा पायऱ्या आहेत. जमिनीला मुळातच उतार, त्यामुळं पुढची खोली वर आणि मागची खाली. त्यात सिमेंटच्या रस्त्यावर पुन्हा सिमेंटचा रस्ता होत गेला आणि घरं रस्त्याखाली गेली. पावसाचं पाणी आत येऊ लागलं, म्हणून घरमालकानं आधी पुढची खोली भरून घेतली. चार वर्षांनी पैसे आले तेव्हा मधली घेतली, स्वयंपाकघर राहूनच गेलं. प्रत्येक दुरुस्तीनं घरात एक पायरी वाढवली आणि ती कुठल्याच नकाशात नव्हती. मिस्त्रीनं उरलेल्या टाइलच्या तुकड्यांत ती बसवून दिली.

अंबाळा वॉर्डातल्या अशाच एका घरात मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात दोन पायऱ्या उतरतात. काळी कोटा फरशी, पायऱ्याही कोट्याच्याच. दाराची चौकट फिकट निळ्या ऑइलपेंटची आहे, पण जमिनीपासून तीनेक फुटांवर तिचा वीतभर भाग काळपट, तुळतुळीत झाला आहे. घरातल्या आजी तिथं हात टेकवतात, उजवा पाय पुढं करून अंगठ्यानं पायरीची कड चाचपतात आणि मग उतरतात. सून आतून हाक देते, "आई, पायरी हाय जी." आजी मला म्हणाल्या, "दिसते कोणाले बाप्पा? मी तं मोजूनच उतरतो."

चौकटीवरचा तो डाग मला फार मोलाचा वाटतो. धरायची दांडी कुठं लावावी, हे त्या बाईंच्या हातानं कित्येक वर्षांत आखून दिलं आहे. आपल्याही घरात पायरीशेजारची भिंत, चौकट, कपाटाचा कोपरा न्याहाळून बघा. जिथं हाताचा मळ चढला आहे, तिथं आधाराची गरज आहे. दोन पायऱ्यांसाठी लांबलचक रेलिंग लागत नाही. मुठीत मावेल अशी दीड इंची स्टीलची दांडी, भिंतीपासून दोन इंच सुटी, पक्क्या विटेत भोक पाडून बसवलेली, एवढ्यानं भागतं. जुन्या वाड्यांत माडीच्या अंधाऱ्या, उभ्या जिन्याला वरून दोर सोडलेला असायचा. तो काही शोभेचा नव्हता. आज ग्रॅनाइट लावलेला चांगला सहा इंच रुंद कठडा बांधतात, तो दिसतो भारी, पण तोल गेल्यावर बोटांना तो धरता येत नाही. जिन्याचं रेलिंग शेवटच्या पायरीपाशी तोडायचं नसतं, फूटभर पुढं न्यायचं असतं. शेवटच्या पायरीवर हात सुटला तर त्या रेलिंगचा उपयोग काय!

डोळ्यांचंही ऐका. वय वाढतं तशी बाहुली लहान राहते, भिंग पिवळसर होतं. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांश साठीत पोचतो. मोतीबिंदू असेल तर आणखी कमी. फिकट आणि जरा कमी फिकट यातला फरक कळेनासा होतो. त्यात बायफोकल चष्मा. त्याचा खालचा भाग पोथी वाचण्यासाठी, हातभर अंतरासाठी केलेला असतो. उतरताना माणूस नेमकं त्याच भागातून खाली बघतं आणि चार-पाच फुटांवरची पायरी धूसर होते. "आई, नीट बघून चाल" हे सांगणं प्रेमाचं असलं तरी या डोळ्यांपुढं त्याचा उपयोग नाही.

पायरीनंच उठून दिसलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक पायरीच्या अगदी कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन इंच रुंदीची एक पट्टी लागते. काळ्या कोट्यावर पिवळी किंवा पांढरी, पांढऱ्या टाइलवर गडद तांबडी किंवा तपकिरी. रंग कुठला यापेक्षा तो जमिनीहून किती वेगळा दिसतो, हे महत्त्वाचं. पट्टी नेमकी कडेलाच हवी. कडेपासून दोन-तीन इंच आत चिकटवलेली खरखरीत टेप मी बऱ्याच घरांत बघतो आणि ती मला धोक्याची वाटते. डोळा त्या पट्टीलाच कड समजतो आणि पाऊल चुकीच्या जागी पडतं. शोभेसाठी तीन-चार समांतर रेघा ओढल्या तरी तोच घोटाळा होतो. पट्टी एकच असावी.

दिवाळीत पायरीवर गेरूचे पट्टे आणि चुन्याची बोटं ओढायची आपली रीत दिसण्याच्या दृष्टीनं उत्तमच होती. पण गेरू पुसला जातो आणि गुळगुळीत फरशीवरची रांगोळीची पूड पायाखालून सरकते. त्यापेक्षा बिनचमकीचा, फरशीसाठीचा रंग घ्यावा आणि ओला असतानाच त्यावर चाळलेली बारीक रेती भुरभुरावी.

हार्डवेअरच्या दुकानात सांगितलं की दुकानदार 'रेडियम' काढून देतो. यात एक गोष्ट समजून घ्या. बैलगाडीला, ट्रॉलीला लावतात ते रेडियम स्वतः चमकत नाही. हेडलाइटचा उजेड पडला की तो उजेड आला तिकडं परत फेकतं. रात्री दोन वाजता अंधारात न्हाणीघराकडं निघालेल्या माणसापाशी हेडलाइट नसतो, त्यामुळं घरातल्या पायरीवर ते कुचकामी. अंधारात हिरवट उजळणारी पट्टी वेगळी. तिला आधी दिव्याचा उजेड मिळावा लागतो आणि रात्र सरेल तशी मंद होत जाते. वीज गेल्यावर तिचा आधार होतो, पण दिव्याची जागा ती घेऊ शकत नाही.

दिवा कुठं लावायचा हेही बघायला हवं. जिन्याच्या माथ्यावर, पाठीमागं ट्यूबलाइट असली तर उतरणाऱ्याची सावली त्याच्याच पुढच्या पायऱ्यांवर पडते. दिवा बाजूच्या भिंतीला, गुडघ्याएवढ्या उंचीवर असला की प्रत्येक कड उठून दिसते. अर्ध्या वॅटचा एलईडी रोज बारा तास जळला तरी वर्षाला दोन युनिट जेमतेम होतात. जिन्याला वर-खाली दोन्हीकडून चालणारा टू-वे स्विच हवाच. एकच बटण खाली असेल तर वरून येणारं माणूस अंधारातच उतरणार.

आता उंचीकडं वळू. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घराच्या पायरीची उंची जास्तीत जास्त 190 मिलिमीटर आणि पाऊल ठेवायची रुंदी कमीत कमी 250 मिलिमीटर दिली आहे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये फ्रांस्वा ब्लोंदेल या वास्तुकारानं पायरीचा हिशोब माणसाच्या ढांगेवर बसवला: उंचीची दुप्पट अधिक रुंदी म्हणजे एक ढांग, साधारण 60 ते 65 सेंटिमीटर. संहितेचे आकडे घालून बघा, 63 येतात. पण आकड्यांपेक्षाही सगळ्या पायऱ्या एकसारख्या असणं मोठं. पहिल्या दोन पायऱ्यांवर पाय अंदाज घेतो आणि पुढं त्याच अंदाजावर चालतो. जिना सात-सात इंचांचा बांधलेला असतो. मग खालच्या खोलीत जुन्या फरशीवरच दोन इंच माल टाकून टाइल बसवतात, तेव्हा पहिली पायरी पाच इंचांची होते. वरच्या खोलीतही तेच केलं की शेवटची नऊ इंचांची होते. टाइलवाल्याचं काम चोख असतं, घरही नवं दिसतं आणि जिना मात्र बिघडतो. टाइल घालायच्या आधीच जुनी फरशी खरवडून काढायला सांगा. खर्च वाढतो, तरी सांगा.

एवढ्याशा फरकानं काय होतं, असं वाटत असेल तर न्यूयॉर्कची गोष्ट ऐका. ब्रुकलिनमधल्या 36व्या स्ट्रीट स्थानकाच्या जिन्यात एक पायरी बाकीच्यांपेक्षा किंचित उंच होती. 2012 मध्ये डीन पीटरसन या फिल्मकारानं तिथं कॅमेरा लावला. कामावर निघालेली धडधाकट माणसं एकामागून एक त्याच पायरीला अडखळताना त्यात दिसली. ते चित्रण सगळीकडं पसरलं आणि रेल्वेला पायरी दुरुस्त करावी लागली. तिथल्या एवढ्या साऱ्या माणसांना लक्ष कुठं होतं म्हणून कोण विचारणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात दरवर्षी 6 लाख 84 हजार माणसं पडून दगावतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो आणि सर्वाधिक धोका साठीपुढच्यांना असतो. यात सगळ्या प्रकारचं पडणं आलं. आपल्याकडं खुब्याचं हाड मोडलं की 108 ची गाडी बोलवा, पन्नासेक किलोमीटरवरचं नागपूर गाठा, शस्त्रक्रिया, मग महिनोन्महिने खाट. त्या खाटेवरून पुष्कळ जण पुन्हा पहिल्यासारखे उठत नाहीत. हे सगळं एका पायरीपायी व्हावं, ही मला सहन न होणारी गोष्ट आहे.

पायपुसणं तर आजच हलवा. पायरीच्या ऐन कडेवर पायपुसणं टाकायची सवय घरोघरी आहे. ते कड झाकतं आणि ओल्या पायाखाली सरकतंही. ते पायरीपासून निदान दोन हात लांब असावं.

रामटेककरांना आणखी एक सांगायचं आहे. दिवाळीच्या अमावास्येनंतर पंधरा दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा भरते आणि गावातली घरं पाहुण्यांनी भरून जातात. घरच्यांच्या पायाला पायरी पाठ असते, पाहुण्याच्या नाही. खेड्यावरून आलेली मावशी रात्री पाण्याला उठते, तिला बटण कुठं हेही माहीत नसतं. दिवाळीचा रंग देताना पेंटरला पायऱ्यांचंही काम सांगून टाका. पाव लिटरचा डबा आणि कागदी टेपची एक गुंडाळी पुरते. जिना असेल तर पहिल्या दिवशी एकाआड एक पायऱ्या रंगवा आणि उरलेल्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे घरच्यांची ये-जा अडत नाही. अशा वेळी दोन-दोन पायऱ्या ओलांडाव्या लागतात, तेव्हा म्हाताऱ्यांची आणि लेकरांची झोपायची सोय ते दोन दिवस खालीच करा. रंग वाळला की तिन्हीसांजेला दिवे न लावता वरच्या पायरीवर उभे राहून खाली बघा, आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसालाही चष्मा लावून बघायला सांगा. त्यांना प्रत्येक कड वेगळी मोजता आली नाही, तर रंग बदलून घ्या.