पोत्यावर गावाचे नाव हवे

फ्रान्समध्ये ‘फ्लरी’ नावाची तांबडी वाइन मिळते. बाटलीवर ठळक अक्षरांत छापलेले हे नाव कंपनीचे नाही आणि द्राक्षाच्या वाणाचेही नाही. फ्लरी हे लियाँ शहराच्या उत्तरेला, बोजोले नावाच्या डोंगराळ पट्ट्यातले लहानसे गाव आहे. गुलाबी ग्रॅनाइटच्या उतारांवर तिथले मळे आहेत. शिरूब्ल, मॉर्गों, जुलियेना अशी आणखी गावे आणि टेकड्या धरून बोजोलेतल्या एकूण १० ठिकाणांना हा मान आहे. आपल्या शिवारातली वाइन त्यांनी आपल्याच नावाने विकायची. शिवाराबाहेरच्या मालाला ते नाव लावायला कायद्याने बंदी.

यवतमाळ जिल्ह्याचा या फ्रेंच गावांशी काय संबंध? वाइनची द्राक्षे इथे पिकत नाहीत. पण घाटंजी, केळापूर, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांतल्या जंगलपट्ट्यात, गोंडांच्या गावांजवळ आणि कोलामांच्या पोडांभोवती, म्हणजे वस्त्यांभोवती, मोह उभा आहे. दर उन्हाळ्यात त्याची फुले पोत्यांत भरून व्यापाऱ्याच्या गाडीत चढतात. त्या पोत्यावर कोणत्याच गावाचे नाव नसते. ते असावे, ते लावण्याचा हक्क ग्रामसभेचा असावा आणि सरकारने त्यासाठी द्राक्ष बागायतदारांसाठी घेतले तेवढे कष्ट घ्यावेत, हे या लेखाचे म्हणणे आहे.

बोजोलेचे भाग्य सुरुवातीपासून उजळ नव्हते. तिथल्या द्राक्षाच्या वाणाला ‘गामे’ म्हणतात. १३९५ मध्ये बर्गंडीच्या ड्यूक फिलिपने हा वाण हलका आणि घातक ठरवून आपल्या मुलखातून उपटून टाकण्याचा हुकूम काढला. प्रतिष्ठेच्या जमिनी पिनो न्वार या वाणाला मिळाल्या. गामेने मूळ धरले ते दक्षिणेकडच्या डोंगरउतारांवर. भारी जमिनीत हा वाण नुसता माजतो, भरमसाट घड देतो आणि रस पाणचट होतो. ग्रॅनाइटच्या मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत तो आवरतो, घड कमी लागतात आणि रसाला चव येते. हलकी जमीनच त्याला मानवली.

द्राक्षे तिथे बहुतेक हातानेच तोडतात, कारण घड अखंड राहावे लागतात. हौदात घड रचले की खालचे वजनाने फुटून आंबू लागतात. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वरच्या घडांना वेढतो आणि न फुटलेल्या मण्याच्या आतच आंबण्याची क्रिया सुरू होते. त्यामुळे सालीतला तुरटपणा कमी उतरतो, रंग फिका राहतो आणि फळाचा वास टिकतो. बड्या वाइनवाल्यांनी जिला हलकी म्हणून हिणवले, त्या वाइनचा हलकेपणा हाच तिचा गुण झाला.

एकट्या गुणावर मात्र भाव मिळाला नाही. त्यासाठी लागली संघटना आणि लागला कायदा. फ्लरीची सहकारी वाइनरी १९२७ ची. मार्गरीट शाबेर या बाईंनी पुढे अनेक वर्षे तिचे अध्यक्षपद सांभाळले. १९३० च्या दशकात फ्रान्सने गावांच्या नावांना कायदेशीर कवच दिले, आणि बोजोलेतल्या बहुतेक मानाच्या गावांना ते १९३६ ते १९४६ या काळात मिळाले. रेन्ये या गावाला १९८८ पर्यंत वाट पाहावी लागली. कोणत्या शिवारातले द्राक्ष, एकरी किती उत्पादन, कोणती पद्धत, सगळे या कायदेशीर नियमांत लिहिलेले असते.

याच बोजोलेने दुसरा धडाही दिला आहे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येणारी ‘बोजोले नूव्हो’ ही ताजी, स्वस्त वाइन जगभर गाजली. मागणी वाढली तसे उत्पादन वाढले, मग दर्जा घसरला आणि गिऱ्हाईक पाठ फिरवू लागले. २००१ च्या सुमारास ११ लाखांहून अधिक पेट्या माल नष्ट करावा लागला किंवा त्याचा मद्यार्क करावा लागला. झटपट आणि भरमसाट विक्रीच्या मागे लागलेल्या प्रदेशाला सावरायला पुढे बराच काळ गेला. गावाच्या नावाने विकणाऱ्यांची पत त्या मानाने टिकून राहिली.

आता मोहाकडे वळू. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुले गळू लागतात. बाया आणि पोरे उजाडण्याआधीच टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात, कारण ऊन चढेपर्यंत वेचणी आटोपायची असते आणि गुरे व रानजनावरेही फुलांवर टपलेली असतात. पिवळसर पांढरी, रसाळ फुले पाचोळ्यात दिसत नाहीत म्हणून खालचा पालापाचोळा जाळण्याची जुनी रीत आहे. ती आग कधी कधी जंगलात शिरते, आणि फुलांना राख-माती लागते ती वेगळीच. अंगणात मातीवर वाळवलेले फूल काळपट तांबडे पडते. हंगामात सगळ्यांचा माल एकदम निघतो, घरात साठवायला जागा नसते, पैशाची नड असते. व्यापारी म्हणेल तो भाव पदरात पडतो.

हेच फूल झाडाखाली जाळी बांधून वरच्यावर झेलले आणि स्वच्छ कापडावर वाळवले, तर ते खाण्याच्या दर्जाचे राहते. त्याचे लाडू होतात, सरबत होते, भाकरीत घालतात. ही नवी टूम नाही, जंगलातल्या माणसांचे ते जुने अन्न आहे. २०२१ मध्ये छत्तीसगडच्या कोरबा भागातून वाळवलेल्या मोहफुलांचा माल समुद्रमार्गे फ्रान्सला रवाना झाला. ज्या देशाने गावाच्या नावाची किंमत जगाला दाखवली, त्याच देशाने आदिवासींनी वेचलेले फूल विकत घेतले. यवतमाळच्या फुलात असे काय कमी आहे?

कमी आहे ती सरकारची नजर. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले, उत्पादन शुल्कात सवलती दिल्या, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क उभे केले. नाशिकच्या वाइनने त्यातून नाव कमावले, आणि ते योग्यच झाले. मोहाच्या वाट्याला त्या काळात पोलिसांचे छापे आणि सडवा नष्ट केल्याच्या बातम्या आल्या. इंग्रजांनी १८९२ मध्ये ठाणे-कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांवर बंदी घालणारा खास कायदा केला होता. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, पण १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा पुढे इथेही लागू झाला आणि फूल वेचणारा माणूस संशयित ठरला. फुलांची साठवण आणि वाहतूक यांवरची बंधने उठायला २०२१ साल उजाडले.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. यवतमाळच्या महिलांनी दारूबंदीसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले आहेत. शेजारच्या वर्ध्यात १९७५ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपूरची २०१५ मधली बंदी २०२१ मध्ये उठली. कर्ज आणि नापिकीने पिचलेल्या या जिल्ह्यात दारूने किती संसार मोडले, हे घरोघरी माहीत आहे. अशा ठिकाणी वाइनचा दाखला देऊन मोहाची गोष्ट काढणे म्हणजे आगीत तेल, असे कुणी म्हणेल.

म्हणूनच मोहाच्या दारूचे कारखाने काढा, असा आग्रह इथे नाही. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवले, मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज मद्य’ ठरवून बचत गटांकडे सोपवले. त्यांचे अनुभव त्यांच्यापाशी. यवतमाळचा निर्णय यवतमाळच्या ग्रामसभांनी करावा, आणि तो करण्याचा अधिकार त्यांना आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकीही दिली आणि गावात मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण आणण्याचा अधिकारही दिला. दारू नको म्हणणारी बाई आणि फूल विकून पोरांची फी भरणारी बाई बहुतेक वेळा एकच असते. तिला दोन्ही हक्क एकाच कायद्याने मिळाले आहेत. ते तिने एकत्र वापरावेत.

नावाचा मार्ग दूरचा नाही. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्यानुसार उत्पादकांची संघटना अर्ज करू शकते. वर्ध्याच्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये असेच मानांकन मिळाले, आणि आज त्या एका गावाचे नाव हळदीसकट विकले जाते. यवतमाळच्या कापसाचे मात्र उलट झाले. जिनिंगमध्ये गेला की कोणत्या गावचा, कोणत्या शेताचा, काहीच उरत नाही. भाव ठरतो तो धाग्याची लांबी आणि ओलावा पाहून. मोहाचे तसे होऊ द्यायचे नसेल तर सुरुवात आताच करावी लागेल.

पांढरकवड्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने आणि वन विभागाने पुढच्या मार्चआधी सामूहिक वनहक्क मिळालेल्या काही ग्रामसभा निवडाव्यात. त्यांना झाडाखाली बांधायच्या जाळ्या, वाळवणीसाठी उंच मांडव आणि साठवणीसाठी एक कोरडी खोली द्यावी. माल हातात धरून ठेवता यावा म्हणून हंगामात उचल द्यावी, म्हणजे पहिल्याच आठवड्यात पोते विकावे लागणार नाही. जाळणीऐवजी जाळी वापरणाऱ्या गावाचा माल वेगळा मोजावा, वेगळा ठेवावा. आणि प्रत्येक पोत्यावर ग्रामसभेचे नाव, तालुका, वेचणीचा महिना छापावा.